ग्रामोफोनची पिन आणि सत्यान्वेषी

गुप्तहेरकथेचा आमच्या टीकाकारांनीं आजवर जितका अनादर केला, तितकाच आमच्या वाचकांनीं तिच्यावर लोभ ठेवला आहे. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड किंवा झुंजार ज्यांनीं शाळेच्या पुस्तकाआड दडवून वाचला, त्यांतलेच कित्येक पुढें प्राध्यापक झाले आणि रसविचारावर व्याख्यानें देऊं लागले. परंतु त्या व्याख्यानांच्या वेळीं काळ्या पहाडास त्यांनीं दाराबाहेरच उभें केलें. नवरसांत अद्भुत व भयानक यांस मानाचीं आसनें आहेत. मग ज्या कथेंत हे दोन्ही रस सुखानें नांदतात तिलाच तेवढी पंक्तिबाह्य कां ठरवावी, हें आम्हांस कधीं उमगलें नाहीं. दूरदर्शनच्या पडद्यावर आलेल्या गुप्तहेरनाट्याची गत तर याहूनहि वाईट. तें सर्वांनीं पाहावें, आणि त्याविषयीं कोणीं लिहूं नये, असा जणूं संकेतच होऊन बसला आहे. हा संकेत आज आम्ही मोडीत आहों.

२०२० सालच्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां आम्ही नांदेडनजीक विष्णुपुरीस एका स्नेह्यांच्या घरीं अडकून पडलों होतों. एरवीं गजबजलेला तो परिसर एका रात्रींत मुका झाला. विद्यापीठाचीं दारें बंद, अभियांत्रिकी महाविद्यालयाचीं वसतिगृहें रिकामीं, आणि बंधाऱ्यानें अडविलेलें गोदावरीचें पाणी तेवढें उन्हांत स्वस्थ पडलेलें. अशा दिवसांत, २८ मार्चपासून, दूरदर्शननें ‘ब्योमकेश बक्शी’ ही आपली १९९३ सालची जुनी मालिका पुन्हां दाखविण्यास आरंभ केला. यजमान, त्यांचा अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या, ज्यांची हयात भजनी मंडळांत गेली अशा यजमानांच्या मातोश्री, आणि आम्ही, असा आमचा प्रेक्षकवर्ग होता. त्या मालिकेंतील ‘रास्ते का काँटा’ हा भाग पाहिल्यावर घरांत जो वाद माजला, त्यांतून प्रस्तुत लेख निघाला आहे.

मालिकेचा मूळ कर्ता शरदिंदु बंद्योपाध्याय. हे बंगालीचे लेखक खरे, परंतु महाराष्ट्राचा त्यांच्यावर थोडाथोडका हक्क नाहीं. १९३२ सालीं त्यांनीं ब्योमकेशाच्या कथा लिहिण्यास सुरुवात केली. पुढें १९३८ सालीं चित्रपटांच्या पटकथा लिहिण्यासाठीं ते मुंबईस आले, आणि १९५२ पासून पुण्यास घर करून राहिले. मुंबईच्या धांदलींत मागें पडलेला ब्योमकेश १९५१ च्या सुमारास पुन्हां लिहिता झाला, तेव्हां कलकत्त्याच्या गल्लीबोळांतील अनेक खुनांचा तपास वस्तुतः पुण्याच्या एका लेखनिकेवर बसून लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ब्योमकेश स्वतःस गुप्तहेर म्हणवीत नाहीं. त्याला तो शब्द हलका वाटतो. तो स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण अखेरीस आम्ही त्याच्याच कसोटीवर या नाट्यप्रकारास घांसून पाहणार आहों.

प्रस्तुत भागाचें कथानक ज्या कथेवर आधारलें आहे, तिला आतां नव्वद वर्षें होऊन गेलीं; म्हणून खुनाची युक्ति सांगितल्यानें कोणाचा रसभंग होईल असें आम्हांस वाटत नाहीं. खुनी कोण, हें मात्र आम्ही सांगत नाहीं. कलकत्त्याच्या भर रस्त्यांत, दिवसाढवळ्या, पैसेवाले वयस्क गृहस्थ चालतां चालतां मरून पडूं लागतात. बंदुकीचा आवाज नाहीं, कोणी जवळ आलेला नाहीं. आणि शवचिकित्सा करावी तों काळजांत ग्रामोफोनची पिन रुतलेली! इकडे वर्तमानपत्रांत एक चमत्कारिक जाहिरात नेमानें येत असते: ज्या कोणास आपल्या वाटेंतील कांटा काढावयाचा असेल, त्यानें शनिवारीं सायंकाळीं अमुक दुकानाच्या कोपऱ्यावरील दिव्याच्या खांबाला हात लावून उभें राहावें. ब्योमकेश वर्तमानपत्रांतील बातम्या सोडून जाहिरातीच काळजीपूर्वक वाचतो, कारण माणसांच्या खऱ्या गरजा तेथेंच उघड्या पडतात, असें त्याचें मत. एका गृहस्थाच्या खिशांतील घड्याळावर पिन आदळून तो दैवानें वांचतो, आणि त्याच्या जबानींतून तपासाचा धागा हातीं येतो.

येथें आमच्या घरांत पहिला वाद झाला. पुतण्या म्हणाला, “काका, हें शक्यच नाहीं. एवढीशी पिन, तिचें वजन तें काय! छातीच्या फासळ्या चुकवून ती काळजापर्यंत पोंचेल अशी स्प्रिंग कुठली आणायची?” त्याचें म्हणणें खोटें नव्हे. ग्रामोफोनची पोलादी पिन अर्ध्या इंचाहून थोडी अधिक लांब. तबकडीची एक बाजू वाजली कीं ती बदलावी लागे, म्हणून दोनदोनशें पिनांच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या घरोघर असत. अशा काडीएवढ्या वस्तूनें भरल्या अंगाचा माणूस जागच्या जागीं मारणें ही कल्पना पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत नापास होईल. परंतु अशी शंका घेणारा वाचक वेताळपंचविशींत प्रेत बोलतें कसें, असेंहि विचारील. गुप्तहेरकथेंत एक असंभाव्य गोष्ट लेखकास उधार द्यावी लागते; मात्र ती घेतल्यावर उरलेला सर्व व्यवहार त्यानें रोखीनें केला पाहिजे. शरदिंदूंनीं तो केला आहे. पिन कशांतून सुटते हें कळल्यावर मागील प्रत्येक प्रसंग आपोआप जुळतो, आणि उरतें तें शून्य.

दुसरा वाद मात्र याहून मोलाचा होता, आणि तो आजींनीं उत्पन्न केला. वांचलेल्या गृहस्थाला ब्योमकेश विचारतो कीं, त्या क्षणीं तुम्हांस कांहीं ऐकूं आलें काय. आणि तो आठवून आठवून सांगतो कीं, पाठीमागें सायकलची घंटी वाजली होती. हें ऐकतांच वातींसाठीं कापूस वळीत बसलेल्या आजी हातचें काम थांबवून म्हणाल्या, “अरे, मग ती घंटी कोण वाजवत व्हता ते इचारा की आधी!” आम्ही तिघे पदवीधर पिनेच्या वेगाचा हिशेब करीत बसलों होतों, आणि आजींनीं खुनी धरला होता. कारण युक्ति तेथेंच आहे. सायकलची घंटी हीच बंदूक होय. घंटी वाजली कीं माणूस वळून पाहतो, छाती समोर येते, आणि रस्त्यावरच्या शंभर आवाजांत तो आवाज कोणाच्याहि ध्यानांत राहत नाहीं. सर्वांनीं तो ऐकलेला असतो, आणि कोणींहि ऐकलेला नसतो.

या कथेचें मर्म आमच्या मतें हेंच आहे. खुनाची किल्ली डोळ्यांना सांपडत नाहीं; ती कानांना सांपडते. पाऊलखुणा, राखेचे कण, कपड्यावरचे डाग असल्या डोळ्यांच्या पुराव्यांवर पाश्चात्त्य गुप्तहेर जगत आले; येथें एक बंगाली कारकुनी थाटाचा तरुण ऐकलेल्या आवाजावरून शोध लावतो. ज्यांनीं आयुष्यभर टाळ धरला त्या बाईस तें आमच्याआधीं समजलें, यांत आश्चर्य तें काय? भजनांत एखाद्याचा टाळ अर्ध्या मात्रेनें चुकला तरी ज्यांस कळतें, त्यांस रस्त्यांतील एक नको असलेली घंटी खटकल्यावांचून कशी राहील?

दिग्दर्शक बासु चटर्जी यांची वाखाणणी करावी ती ह्याच ठिकाणीं. त्यांनीं ही घंटी ठासून वाजविली नाहीं. आजकालच्या गुप्तहेरमालिकांत संशयिताचा चेहरा दिसला रे दिसला कीं पार्श्वसंगीत असें कोसळतें कीं, प्रेक्षकास विचार करण्याची तसदीच उरूं नये. आणि तोच चेहरा तीन वेळां तीन बाजूंनीं दाखवून एखाद्या मंदबुद्धि विद्यार्थ्यास समजवावें तसें समजावितात. चटर्जी मोठ्या शांतपणें, जवळजवळ निष्काळजीपणानें, गोष्ट सांगतात. चहाचा पेला, मेजावरचें वर्तमानपत्र, खोलींतील दोन मित्रांचें बोलणें, एवढ्यावर त्यांचें काम भागतें. रजित कपूर यांचा ब्योमकेश कोठेंहि बुद्धीचा तोरा मिरवीत नाहीं, के. के. रैना यांचा अजित हा डॉक्टर वॉटसनाप्रमाणें केवळ आश्चर्य करण्यापुरता ठेवलेला नाहीं, तर मित्रावर रागावण्याचाहि हक्क त्यास आहे. पुढील भागांत सत्यवतीच्या भूमिकेंत आमच्या सुकन्या कुलकर्णी दिसतात, आणि गुप्तहेराच्या घरांतहि संसार असतो ही गोष्ट त्यांच्यामुळें पटते. आनंद शंकर यांचें प्रारंभींचें संगीत मोजक्या स्वरांचें असून कथेच्या आड येत नाहीं. उणें दाखवावयाचें तर पैशाची ओढाताण जागोजाग दिसते; कलकत्त्याचा गजबजलेला रस्ता म्हणून जो दिसतो त्यावर गर्दी कमी, आणि ज्या कथेंत गर्दीच गुन्हेगाराची साथीदार आहे तेथें ही उणीव लहान नव्हे.

परंतु आमची मुख्य तक्रार निराळी आहे, आणि ती मालिकेइतकीच मूळ कथेकडेहि जाते. पिन ग्रामोफोनचीच कां? कलकत्ता हें हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाचें माहेर. १९०२ सालीं गौहरजानचें गाणें तेथेंच मुद्रित झालें, आणि पुढें ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांनीं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत प्रवेश केला. १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीमखांसाहेबांचा आवाज आज आम्ही ऐकूं शकतों, तो या पिनेच्या टोंकावरून आला म्हणून. माणूस गेल्यावरहि त्याचा आवाज राखणारी जी वस्तु, तीच लेखकानें माणूस मारण्याच्या कामीं लावली. किती मोठी कल्पना हाताशीं आली होती! परंतु लेखकानें तिचा उपयोग केवळ एका टोंकदार वस्तूसारखा केला. ती पिन शिवणाची सुई असती, किंवा चांभाराची आरी असती, तरी कथेंत कांहींहि फरक पडला नसता. संगीताच्या उंबरठ्यापर्यंत येऊन कथा तेथूनच परत फिरते.

कोणी म्हणेल, गुप्तहेरकथेकडून इतकी अपेक्षा कां करावी? आमचें उत्तर असें कीं, ती इतरत्र पुरी झालेली आहे म्हणून. सत्यजित राय यांची फेलूदाची एक कथा आहे. तींत रहस्य आहे तें वाद्यांचा नाद असलेल्या एका मृत वृद्धाच्या किल्लीचें. राधारमण समाद्दार हें त्याचें नांव. मरतांना तो आपलें नांव आणि किल्ली एवढेंच पुटपुटतो, आणि धन कोठें हें कोणासच उमगत नाहीं. फेलूदाच्या ध्यानांत येतें कीं, त्या नांवांतील प्रत्येक अक्षर सप्तकांतील एकेका स्वराचें आहे; तें नांव वाद्यावर वाजविलें कीं कुलूप उघडतें. येथें संगीत ही सजावट नाहीं, तेंच रहस्य आहे, आणि ज्याला सरगम ठाऊक नाहीं त्याला हा गुन्हा सुटणार नाहीं. इंग्रजी दूरदर्शनवर १९८७ पासून तेरा वर्षें चाललेल्या ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या मालिकेंत तर गुप्तहेरच वाग्नरचा भक्त आहे, आणि बॅरिंग्टन फेलाँग या संगीतकारानें तारायंत्राच्या सांकेतिक लिपींतील त्याचें नांव मालिकेच्या प्रारंभींच्या सुरावटींत गुंफून ठेवलें आहे. १९९३ च्या एका भागांत ऑक्सफर्डच्या पदवीदान मिरवणुकींत एका ऑपेरा-गायिकेवर गोळी झाडली जाते. आणि त्या आघातानें गुप्तहेर प्रथम विव्हळतो तो रसिक म्हणून, अधिकारी म्हणून नव्हे. अशा रीतीनें रचना करणारास संगीताचें जग हें नुसतें खुनाचें ठिकाण राहत नाहीं. तें खुनाचें कारण बनतें.

आणि मराठी माणसास यासाठीं बंगाल किंवा विलायत गांठण्याची तरी गरज काय? संगीतसृष्टींतील खुनावरचें आमचें सर्वांत खोल नाटक १९६७ सालींच रंगभूमीवर आलें, आणि त्यांत एकहि खून नाहीं. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ मध्यें दरबारच्या गायकास मानाची कट्यार मिळते, आणि तिच्यासह एक खून माफ असल्याचा अधिकार. पंडित वसंतराव देशपांडे यांनीं उभ्या केलेल्या खांसाहेबांच्या हातांत हा अधिकार आला, तेव्हांपासून पडदा पडेपर्यंत प्रेक्षकाचें लक्ष त्या कट्यारीवरून ढळत नाहीं. ती वापरली जाईल काय, आणि कोणावर, हा प्रश्न कोणत्याहि गुप्तहेरकथेहून कमी उत्कंठेचा नव्हे. परंतु नाटककारास ठाऊक आहे कीं, या जगांत माणसाचा जीव घेणें हा मोठा गुन्हा नव्हेच. त्याचा आवाज घेणें, त्याच्या घराण्याची विद्या चोरणें किंवा कोंडून ठेवणें, हा त्याहून मोठा गुन्हा आहे. २०१५ च्या चित्रपटांत पंडितजींच्या पोटांत शेंदूर घालून त्यांचा गळा नासविला जातो. प्रतिस्पर्ध्यास शेंदूर चारल्याच्या अशा गोष्टी गायकमंडळींत पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. हा खून होय. मात्र प्रेत चालतें-बोलतें असल्यामुळें पंचनामा होत नाहीं, एवढेंच.

येथवर आम्ही कलेविषयीं बोललों. परंतु त्या दिवशीं विष्णुपुरींतला वाद कलेपाशीं थांबला नाहीं. भाग संपला, खुनी पकडला गेला आणि विषाचा विडा खाऊन क्षणांत मोकळाहि झाला. पुतण्यानें विचारलें, “काका, कॅसेटवाल्या गुलशनकुमारांच्या खुनाचा शोध असा तासाभरांत कां नाहीं लागला?” खोलींत कोणीच कांहीं बोललें नाहीं. आजींच्या फडताळांत त्यांनीं काढलेल्या भजनांच्या कॅसेटा अजून होत्या.

तो खून १२ ऑगस्ट १९९७ रोजीं मुंबईस अंधेरींत, देवदर्शन घेऊन परततांना, देवळाबाहेर झाला. १९८३ सालीं ‘टी-सीरीज’ स्थापून ज्यानें कॅसेट इतकी स्वस्त केली कीं खेड्यांतल्या पानपट्टीवरहि ती वाजूं लागली, त्या माणसास भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. संगीतसृष्टींतील खून म्हणतात तो हा. आणि त्याचा तपास कसा चालला? २००२ सालीं सत्र न्यायालयानें एकोणीस आरोपींपैकीं एकास जन्मठेप दिली व अठरांस सोडून दिलें. ज्या एका संगीतकाराचें नांव घेतलें गेलें, त्याला येथें आणण्याची मागणी विलायतेच्या न्यायालयानें फेटाळली, आणि त्याच्यावर येथें खटला उभा राहिला नाहीं. शिक्षा झालेला इसम रजेवर सुटून परदेशीं पळाला व पुन्हां आणला गेला. १ जुलै २०२१ रोजीं, म्हणजे चोवीस वर्षांनीं, मुंबई उच्च न्यायालयानें त्याची शिक्षा कायम केली, आणि सुटलेल्यांपैकीं आणखी एकास दोषी ठरविलें. या चोवीस वर्षांत कॅसेट ही वस्तुच जगांतून नाहींशी झाली होती.

हें स्मरलें म्हणजे ब्योमकेशाच्या कथेंतील विषाचा विडा आम्हांस पूर्वीसारखा पचत नाहीं. गुन्हेगार स्वतःच मेला कीं लेखकाची सोय होते: साक्षीदार फिरत नाहींत, तारखा पडत नाहींत, पुरावा अपुरा ठरत नाहीं, आणि ज्यांनीं पैसे देऊन आपल्या वाटेंतले कांटे काढविले त्या वारसांचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः या कथेंतील खरे अपराधी तेच आहेत! दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहिलेले ते सभ्य गृहस्थ कथा संपल्यावर आपापल्या घरीं सुखानें जेवत असतील. सायकलवाला हा त्यांचा केवळ हात. ‘सत्यान्वेषी’ हें बिरुद मिरविणारानें हातापाशीं थांबावें कीं मनापर्यंत जावें? नांवाला जागावयाचें तर त्यानें पुढें गेलें पाहिजे होतें. मालिकेनेंहि मूळ कथेचा हा दोष जसाच्या तसा ठेवला आहे. आणि प्रामाणिक रूपांतराच्या गुणाबरोबर तो दोष तिच्या पदरीं आला आहे.

याचा अर्थ असा नव्हे कीं, आम्ही या मनोरंजनावर बहिष्कार घालूं इच्छितों. प्रत्यक्षांत जें चोवीस वर्षें लांबतें तें एका तासांत पुरें झालेलें पाहण्याची भूक ही न्यायाचीच भूक आहे, आणि ती निंद्य नव्हे. निंद्य आहे तो दुसरा प्रकार: प्रत्यक्ष घडलेल्या खुनांचीं नाट्यरूपें करून, मृताच्या मुलाबाळांचे हुंदके दाखवून, मध्यें मध्यें साबणाच्या जाहिराती पेरून, जी दुकानें चालतात ती. तेथें न कोडें असतें, न विचार असतो. असतें केवळ परक्याच्या घरांतलें प्रेत. त्यापेक्षां शरदिंदूंची अशक्य पिन शतपट सभ्य आहे, कारण ती आमच्या बुद्धीस आव्हान देते व कोणाच्या जखमेस हात लावीत नाहीं.

आमचें मागणें मराठी लेखकांपाशीं आहे. ज्या भाषेंत ‘कट्यार’ लिहिली गेली, ज्या समाजांत खेडोपाडीं टाळ-मृदंग आहेत व शहरोशहरीं घराण्यांचे अभिमान आहेत, तेथें कानानें लागणाऱ्या शोधाची कथा न लिहिली जावी, ही लाजेची गोष्ट आहे. साधनें उदंड पडलीं आहेत. जुनी तबकडी मंद गतीनें फिरविली तर काळी चारचा गळा काळी दोनचा वाटतो. कोणत्याहि ध्वनिमुद्रणांत विजेच्या प्रवाहाची सूक्ष्म गुणगुण शिरलेली असते, आणि तिच्या चढउतारावरून तें मुद्रण केव्हां झालें हें आजचे शास्त्रज्ञ ताडून पाहतात. तंबोऱ्याची एक तार कोणीं कां उतरविली, हें ओळखावयास तर शास्त्रज्ञहि नको, नित्य साथ करणारी शिष्या पुरे. अशा धाग्यांवर उभी राहिलेली मालिका कोणीं रचली तर ती पाहण्यास आम्ही पहिल्या रांगेंत बसूं.

तोंवर वाचकांनीं ‘ब्योमकेश बक्शी’ घरांतील मुलांसह अवश्य पाहावी. टाळेबंदींत ती पुन्हां दाखविली जाऊं लागल्यावर थोड्याच महिन्यांत, ४ जून २०२० रोजीं, बासु चटर्जी निवर्तले, विष्णुपुरींतील त्या खोलींत ती बातमी आम्हीं ऐकली तेव्हां आजींनीं विचारलें, “घंटीवाली गोष्ट दाखविणारे तेच ना रे?” ज्या दिग्दर्शकाची एक हलकीशी घंटी एका वृद्धेच्या ध्यानांत दोन महिन्यांनींहि राहते, त्याला टीकाकारांच्या शिफारसीची गरज नाहीं. आम्ही ती केली आहे, ती आमच्याच समाधानासाठीं.